दोन्ही सोयीचा लेहंगा

काकूंच्या घरी स्वयंपाक वेळेवर तयार असायचा, पण तो ताटात जाणार की डब्यात, हे शेवटपर्यंत ठरलेलं नसायचं. काका मालगाडीचे ड्रायव्हर. आता त्यांना लोको पायलट म्हणतात, पण काकूंच्या तोंडी ड्रायव्हरच होतं. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डातून कधी बोलावणं येईल याचा काही नेम नसे. म्हणून काकू वांग्याच्या फोडी वेगळ्या परतायच्या आणि रस्सा वेगळा करायच्या. फोन आला तर कोरड्या फोडी डब्यात, नाही आला तर त्याच फोडी रश्श्यात सोडून ताटात. "दोन्हीकून तयार राहाचं," त्या म्हणायच्या, "मंग रडाचं काम नाही पडत."

मी लग्न होऊन अकोल्याहून भिलाईला, त्यांच्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. माझ्या नवऱ्याची नोकरी ऑफिसातली, संध्याकाळी सहाला माणूस घरी. त्यामुळे मला काकूंच्या या सोयींचं हसू यायचं. मी त्यांना तोंडावर 'दोन्हीवाल्या काकू' म्हणायचे. त्या रागावत नसत. "तुयं बरं आहे, अर्चना. तुले नवरा घड्याळासारखा भेटला. मले तर पावसासारखा भेटला," असं म्हणून त्या आपल्या कामाला लागायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी रश्मी. तिचा वाढदिवस त्या घरात तारखेला कधी झालाच नाही. काका घरी असतील तो वाढदिवस. फुगे मात्र आदल्या दिवसापासून फुगवून ठेवलेले, आणि काका डोंगरगडला अडकून पडले की ते फुगे कपाटामागे सुरकुतत बसायचे. रश्मी लहानपणी रडायची, मोठी झाल्यावर रडायची थांबली.

नात्यातलं कोणी दवाखान्यात असलं की काकूंची पिशवी बघण्यासारखी असायची. वर मोसंबी, आणि खाली घडी करून ठेवलेली पांढरी साडी. "काकू, अहो माणूस अजून जिवंत आहे!" मी एकदा म्हटलं. "हसू नको. मागच्या खेपेले मोसंब्या वापस आणा लागल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. यावर हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी हसले.

रश्मी रायपूरला नोकरीला लागली आणि दोन वर्षं स्थळं बघून झाल्यावर गोंदियाचं एक घर पसंत पडलं. मुलगा चांगला, माणसं मोकळी. लग्न मार्गशीर्षात ठरलं. या एका बाबतीत मात्र काकूंनी दुसरी सोय ठेवली नाही. काकांना समोर बसवून त्यांनी बजावलं, "त्या दिवशी ड्यूटी नाही म्हंजे नाही. कन्यादानाले तुमचा हात खाली, अन् वरून पाणी मी सोडीन. एवढंच मागतो मी." काकांनी रजेचा अर्ज लगेच दिला. तो मंजूरही झाला. आयुष्यभर ज्या माणसाच्या येण्याचा भरवसा नव्हता, त्याचं येणं पक्कं झालं.

आणि उन्हाळ्यात काकूंचं पोट फुगायला लागलं. आधी गॅस, मग ॲसिडिटी, मग कोणीतरी सांगितलेला काढा, असं करत करत प्रकरण रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलं. लिव्हर होतं, आणि फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं. काकूंनी मागाहून त्यांना गाठून स्वतःच विचारून घेतलं. "मी म्हटलं, डॉक्टरसाब, दिसंबर देखूंगी क्या मैं? तर तो म्हणे, आंटी, पॉझिटिव रहिए. म्हंजे नाही." हे त्यांनी मला कपडे वाळत घालता घालता सांगितलं. माझ्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनीच तो उचलून दिला.

रश्मीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की गाठ आहे, औषधानं विरघळेल. रश्मीनं ते मानल्यासारखं केलं. तिला रिसेप्शनसाठी लेहंगा हवा होता. तोही हल्ली मोबाइलवर दिसतो तसला. मागे लांब ट्रेल, वर घेराचा दुसरा स्कर्ट, आणि ते सगळं हुकांनी काढलं की आत साधा, नाचायला सुटसुटीत. आधी काकूंनी नाक मुरडलं होतं. "लग्नाले शालू असतो. हे काय, अर्धी नवरी खुंटीवर टांगाची?" पण रायपूरहून आल्यानंतर एका सकाळी त्याच म्हणाल्या, "चल पोट्टे, तुया तो काढ-घालीचा लेहंगा पाहू. अर्चना, तू बी चाल."

भिलाईतल्या कॅम्प-एक वस्तीच्या बाजारातल्या त्या दुकानात दुपारी गर्दी नव्हती. दुकानदारानं गादीवर लेहंग्यांचा ढीग घातला. "टू इन वन है आंटीजी, आजकल यही चल रहा है." बाकीच्या आया वरची जरी बघतात. काकू मात्र प्रत्येक लेहंग्याचा घेर बाजूला सारून एकच विचारत होत्या, "ये सब निकाला तो अंदर क्या बचता है?" आत लाल निघाला की नको, चकमकीचा निघाला की नको. दुकानदार घामाघूम झाला. शेवटी एक सापडला. वरचा घेर आणि ट्रेल डाळिंबी, जरीनं भरलेला, आणि आत पिवळा. आमच्याकडे लग्नविधीला नवरी नेसते तसला हळदीचा पिवळा, बारीक काठ, बाकी काही नाही. काकूंनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवला.

रश्मी तो घालून बघायला आत गेली तेव्हा मी म्हटलं, "काकू, आतलं कोण बघणार आहे? वरचं बघा ना." त्या हळूच म्हणाल्या, "मी असली तर घेर लावून नाचू द्या तिले. मी नसली तर तुमी लोकं वर्षाच्या आत उरकान, कुठं तरी देवळात. तवा भरजरी घालून उभी राहिली तर लोकं नावं ठेवतीन. अन् साधी साडी गुंडाळली तर तिच्या मनात राहून जाईन का आपला लेहंगा राहिला. हा पिवळा दोन्हीकून चालते." मला त्यांचा राग आला. मरणाचीसुद्धा सोय लावणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि त्या गादीवर बसून मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं.

रश्मी बाहेर आली. खरंच राणीसारखी दिसत होती. काकूंनी तिला मागे फिरवलं, कमरेचे हुक बोटांनी चाचपले आणि दुकानदाराला विचारलं, "भैया, ये लड़की अकेली निकाल सकती है क्या? पीछे कोई न हो तो?"

"अरे आंटीजी, शादी में दस सहेलियां रहेंगी."

"सहेलियां रहेंगी. फिर भी."

त्यानं हुक पाठीवरून कडेला घ्यायचं कबूल केलं. रश्मी आरशात बघत होती. तिनं ऐकलं होतं. तिनं ओढणी डोक्यावरून जरा पुढे ओढून घेतली.

पावसाळाभर काकू खंगत गेल्या. आम्ही सगळे मार्गशीर्षाकडे डोळे लावून बसलो होतो, पण आशा म्हणावी अशी कोणालाच नव्हती. नवरात्राच्या सुमाराला त्यांचं बोलणं बिघडायला लागलं. काकांना त्या "तुमी कोणत्या गाडीनं आले?" असं परक्यासारखं विचारायच्या. डॉक्टर म्हणाले, लिव्हर काम करत नाही, आता हे मेंदूवर गेलंय, घरी घेऊन जा. काका, ज्यांनी आयुष्यात कधी कोणापुढे हात पसरला नव्हता, गोंदियाला फोन करून व्याह्यांना म्हणाले, "ती आहे तोवर करून टाकू. मी पाया पडतो." चातुर्मासात लग्न नसतं, पण अडीअडचणीला काढीव मुहूर्त असतो. गुरुजींनी तो शोधून दिला. गोंदियाची दहा-बारा माणसं तिसऱ्या दिवशी येऊन उभी राहिली. त्यांच्या चांगुलपणाबद्दल बोलावं तेवढं थोडं.

काकूंची खाट पुढच्या खोलीत होती, तिच्यासमोरच पाट मांडले. मी आत रश्मीला तयार करायला गेले, तर ती जमिनीवर बसलेली. एका मांडीवर पिवळा, दुसऱ्या मांडीवर डाळिंबी घेर. "ताई, मुझे समझ नहीं आ रहा," ती म्हणाली. "आई आहे का नाही? मी काय घालू?" म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं, दुकानातल्या त्या दुपारपासून. काकूंनी असण्याची तयारी केली होती, नसण्याची केली होती. खाटेवर डोळे उघडे ठेवून पडलेल्या, पण आम्हाला न ओळखणाऱ्या काकूंसाठी मात्र कोणाकडेच काही तयारी नव्हती. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "लाव घेर. ती बघून राहिली." मी स्वतः हुक लावले.

कन्यादानाच्या वेळी काकांनी ओंजळ पुढे केली. मी काकूंचा हात धरून तांब्या कलता केला. पाणी पडलं. पण काकूंनी ते सोडलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सप्तपदी झाली. नवरानवरी पाया पडायला खाटेजवळ आली. तेवढ्या जरीच्या सळसळीनं असेल, काकूंनी मान वळवली आणि रश्मीकडे टक लावून पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक होतं. तसलं कौतुक आपण दुसऱ्याच्या पोरीचं करतो.

"नवरी नक्षत्रासारखी आहे," त्या म्हणाल्या. "कोणाची पोट्टी व्हय?"

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हिची माय कुठं दिसून नाही राहिली," काकू जरा काळजीनं म्हणाल्या. "लेकीचं लगन, अन् माय कुठं गेली?"

रश्मी तो सगळा घेर सावरत खाली बसली. काकूंचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"आहे ना, काकू," ती म्हणाली. "इथंच आहे."

"मंग बरं," म्हणून काकूंनी डोळे मिटले.

त्यानंतर आठवडाभर त्या होत्या. रश्मी सासरी गेली नाही, तिथंच बसून राहिली. कोणी 'आई' अशी हाक मारली की काकू दचकून दाराकडे बघायच्या, कोणाची तरी आई यायची राहिली आहे असं त्यांना वाटायचं. म्हणून रश्मी त्यांना शेवटपर्यंत काकूच म्हणत राहिली.