लेकीच्या कमाईचा घास

भावानं मला त्या धंद्यात ओढलं तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "साबण विकायचाय का माणसं?" तो म्हणाला, "दोन्ही." निदान खरं तरी बोलला, म्हणून मी सही केली.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. माझा नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात कामाला. भाऊ कुंभार पिंपळगावात, आण्णांजवळ. आण्णा म्हणजे आमचे वडील. आई आधीच गेलेली. धंदा असा, की भावानं मला त्याच्या खाली जोडायचं, मी माझ्या खाली बायका जोडायच्या आणि खालच्यांनी जेवढा माल घ्यावा त्याचा हिस्सा वरच्या प्रत्येकाला. भावानं एक मला जोडलं आणि खुशाल झोपला.

मी मात्र झोपले नाही. सासरी मी तोंडाळ म्हणून बदनाम होते. तेच तोंड कामाला आलं. कुणाच्याही मोरीत शिरायचं, तेलकट कढई उचलायची आणि आमचं लिक्विड टाकून घासून दाखवायची. "मावशी, राखेनं हाताची काय दशा केली बघा!" म्हटलं की मावशी आधी हसायची, मग बाटली घ्यायची. हसनाबादला तर टेम्पोत पोत्यांवर बसून गेले. तिथल्या बायका आधी म्हणाल्या, "शहरातली आली गंडवायला." त्याच बायकांनी पुढं माझा सगळ्यात मोठा ग्रुप उभा केला. लग्नानंतर पहिल्यांदा लोक मला नवऱ्याच्या नावावरून नाही, माझ्या नावानं ओळखायला लागले. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटायचं ते.

मग औरंगाबादला कंपनीचा मोठा कार्यक्रम झाला. मला स्टेजवर बोलावलं, हार घातला. भाऊ खाली खुर्चीत. शेजारच्यानं म्हणे त्याला विचारलं, "तुम्ही ताईंचे कोण?" मी स्टेजवरून खाली पाहिलं तर भाऊ उठून चहाला चाललेला. तो कार्यक्रम संपेपर्यंत आलाच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, उन्हाचं डोकं दुखत असेल.

पुढं थोड्याच दिवसांनी भर दुपारी तो दारात उभा. बस म्हटलं तर बसेना.

"आण्णा घरात जेवत न्हाईत," तो म्हणाला. "गोठ्यात तीन दगडं मांडलेत. स्वतःची भाकर स्वतः थापून राह्यले."

मी विचारलं, "काऊन?"

"बाजारात कुणीतरी सांगितलं त्यांना, पोराला घरबसल्या चेक येतो तो लेकीच्या कष्टाचा."

मला पुढचं सांगावं लागलं नाही. आण्णा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणजे बिलकुल नाही. माझ्या घरी ज्वारीचं पोतं घेऊन यायचे आणि उंबऱ्यातूनच परत. आणि आता त्यांच्याच घरातलं पीठमीठ माझ्या पैशातून येत होतं. म्हातारा दुसरं करणार तरी काय?

"मंग तू निघ ना माझ्या वरून," मी म्हटलं. "मी करते माझं."

"मी निघून भागत न्हाई. त्यांना हा धंदाच नको. बाईमाणूस गावोगाव हिंडती, स्टेजवर चढती, हे बघवत न्हाई त्यांना. तू बंद कर, तवाच जेवतील."

अशी चिडले मी! पोरानं कमावलं की घराण्याचं नाव आणि लेकीनं कमावलं की बापाला घास गोड लागत नाही! भावाला काय काय बोलले, आज लिहवत नाही. तो न बसताच निघून गेला.

त्यानंतर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. एकदा वहिनी गावातल्या एसटीडीवरून रडतच बोलली, "आण्णांचा हात पोळलाय. मी भाकर नेली तर म्हणले, ठेव बाजूला." मी नवऱ्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "तू उभं केलंय, तूच ठरव. पण म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं, तर तू सोताला माफ करणार न्हाईस." बराबर बोलला होता. आण्णांचा राग येत होता आणि त्यांच्या पोळलेल्या हाताच्या विचारानं जीवही तुटत होता. धंदा पुन्हा उभा करता येईल, बाप कुठून आणू?

सोडलं. उरलेला माल कंपनीला परत केला आणि बायकांना सांगायला एकेका गावाला गेले. हसनाबादची एक म्हणाली, "ताई, आम्हाला झाडावर चढवलं आन् शिडी काढून घेतली की हो!"  

तिथून थेट पिंपळगाव गाठलं. आण्णा गोठ्यात चुलीपाशी बसलेले, हाताला फडकं गुंडाळलेलं. भाऊ अंगणात मोटारसायकलची टाकी पुसत होता.

"उठा आण्णा," मी म्हटलं, "सोडलं मी सगळं. आता तरी घरात जेवा."

"काय सोडलं?"

"धंदा. कंपनी."

आण्णांनी भावाकडं बोट केलं. "तू काऊन सोडला? मी ह्याला म्हणलो, बहिणीच्या घामाचं खाऊ नको, तू निघ त्यातून. तुला कोण म्हणलं सोड?"

मी भावाकडं पाहिलं. तो तीच टाकी पुसत होता.

"भाऊ म्हणला, माझं हिंडणं तुम्हाला बघवत न्हाई."

"अगं माय," आण्णा म्हणाले, "मी तर सगळ्या बाजाराला सांगत फिरलो, माझी लेक स्टेजवर चढली म्हणून!"

मी तिथंच शेणामातीत बसले आणि हमसून हमसून रडले. आण्णांनी पोळला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी म्हटलं, "मला एका शब्दानं सांगायचं होतं, आण्णा!"

"लेकीच्या संसारात बापानं कसं बोलावं? मला वाटलं, तुझं बरं चाललंय." मग हळूच म्हणाले, "परत सुरू कर."

"आता कोणत्या तोंडानं जाऊ त्या बायकांकडं?"

 आण्णा उठले, हात धुतले आणि बऱ्याच दिवसांनी घरात जेवायला बसले. वहिनीनं भावाच्या शेजारी माझंही ताट वाढलं. सकाळपासून मी उपाशी होते, तरी त्याच्या शेजारचं ते ताट मी बाजूला सारलं.