न कण्हणारी मोटर

लातूरच्या डाळमिलच्या मालकांनी मी बनवलेला मोटरचा कंट्रोलर बसवू दिला तो एका अटीवर: त्रास झाला की काढून न्यायचा. मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, एकटीच राहते. भार वाढो, मोटर तापो, इंडक्शन मोटरचा वेग ढळू द्यायचा नाही, यावर माझी अनेक वर्षं गेली. प्रयोगशाळेत ते उत्तम चालायचं. तिथं बघायला मीच असायची. दुसरी मिल शोधणं मला जमणारं नव्हतं.

मिलमध्येही वेग हलला नाही. पण दुपारपर्यंत मोटर पुन्हा पुन्हा बंद पडायला लागली.

"म्याडम, जुनंच बरं होतं," मालक म्हणाले. "संध्याकाळी काढून घ्या."

रोलरवर तूर सोडणाऱ्या मावशी हसल्या. "लई गुणाची बसवली की! कितीबी घाला, हूं न्हाई का चूं न्हाई."

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांचा हात तूर सोडायच्या झडपेवर, कान मोटरकडे. पूर्वी भार वाढला की मोटर मंदावायची, कण्हायची, आणि त्या झडप ओढून घ्यायच्या. आता आवाज बदलतच नव्हता. त्या तूर सोडत राहायच्या, मोटर वेग राखायला जास्तीच वीज ओढायची, आणि जळू नये म्हणून शेवटी यंत्रणा तिला बंद करायची.

मी लॅपटॉप उघडला. भार वाढला तर वेग जरासा उतरू दे, अशी सोय केली. जो उतार घालवायला एवढी वर्षं घातली, तोच मापून परत दिला. काम किरकोळ होतं.

पुढच्या घाण्याला मोटर कण्हली. मावशींनी न बघता झडप ओढली.

"आता बोलाय लागली बघा."

मालकांनी थोडा वेळ ऐकलं. "राहू द्या मग," म्हणाले आणि निघून गेले. टाळ्या वगैरे काही नाही. मी वायरी गुंडाळल्या, एसटी पकडली.

अहमदपूरच्या पुढं कंधारहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "तुझं काय ताई, तुझं बरंच असतं," असं म्हणून ती तिच्या घरचं सांगायला लागली. दर वेळी मी हो म्हणते.

"बरं नसतं," मी म्हणाले. "घरी गेलं की बोलायला कुणी नाही."

ती म्हणाली, "नांदेडला जाऊ नको. लोह्याला उतर. ह्यांना गाडी घेऊन पाठवते."

मी वरची बॅग काढून मांडीवर घेतली. लोहा यायला अजून बराच वेळ होता.