फळीकाका

फळीकाकांना पोहता येत नव्हतं. तलावांच्या गावात पंचवीस वर्षं नोकरी करूनही ते कधी नावेत बसले नाहीत. पाहुण्यांना मोठा तलाव दाखवायला नेलं तरी स्वतः काठापासून चांगले लांब, चणेवाल्याच्या गाडीशी उभे राहायचे. अशा माणसाने मला समुद्राच्या लाटेवर उभं राहायला शिकवलं, हे आजही कुणाला पटत नाही. मला पटतं, कारण त्या आठवड्यात त्यांच्याबरोबर पडून माझेही गुडघे फुटले होते.

ते माझे सख्खे काका, बाबांचे मोठे भाऊ. आमचं घराणं ग्वाल्हेरचं, म्हणजे समुद्राशी संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरता. काका भोपाळच्या सरकारी कारखान्यात होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना घडवावा लागतो, ते त्यांचं काम. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये ते आणि काकू दोघंच राहायचे. त्यांना मूल नव्हतं. माझा भाऊ बबलू झाला तेव्हा आई फार आजारी पडली, आणि दोन वर्षांच्या मला 'सहा महिन्यांसाठी' म्हणून त्यांच्याकडे पाठवलं. बाबांची बँकेची नोकरी, सारखं नवं खेडं, कुठे धड शाळा नाही. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली.

काकांना एक खोड होती. दूधवाला असो की शेजारची आंटी, कुणी 'आपकी बिटिया' म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे, "भाई की है, अमानत है।" रोज वेणी घालून देणारे तेच, पाढे घेणारे तेच, आणि चारचौघांत असं बोलणारेही तेच. अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला ठेवलेली वस्तू, हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण त्यांचा राग यायचा. काकूलाही यायचा. ती तेवढ्यापुरती भांडी जरा जोरात आपटायची.

दुसरी खोड, कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलीने भरायची. त्या वर्षी बाबांची बदली कोकणात, समुद्राकाठच्या एका गावी झाली आणि सगळ्यांनी तिथे सुट्टीला जायचं ठरलं. काकांनी कारखान्याचा प्रवास सवलतीचा फॉर्म आणला आणि 'मुले' या रकान्यात, इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेत, माझं नाव लिहिलं. भतीजी परिवारात येत नाही, असं सांगून क्लार्कने फॉर्म परत केला. काकांनी माझ्यासमोर बसून ते नाव खोडलं, खाली काही लिहिलं होतं हे कळूही नये इतक्या काळजीने. मग माझं तिकीट वेगळं काढलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला वाटलं, माझ्या नावातलं एखादं अक्षर चुकीचं काढलं असेल त्यांनी.

फळीचं खूळ आलं कॅलेंडरवरून. कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने त्यांना एक कॅलेंडर दिलं होतं. त्यातल्या एका पानावर एक माणूस फळीवर उभा राहून लाटेवरून येत होता. काका ते पान आठवडाभर बघत होते. त्यांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं, फळीशी होतं. शेवटी म्हणाले, "लकडीचंच काम आहे, होऊन जाईल." मशीनच्या खोक्यांचं चिडाचं, म्हणजे पाइनचं लाकूड टाउनशिपमध्ये सगळेच घ्यायचे, आमची पलंग-टेबलं त्याचीच होती. त्याच्या पट्ट्या जोडून, रंधा मारून, व्हार्निशचे चार हात देऊन त्यांनी माझ्याहून लांब फळी केली. मग ती अंगणात हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबांवर ठेवली आणि आमच्या लाइनीतल्या सगळ्या पोरांना तिच्यावर उभं केलं. त्यांचा नियम एकच, आधी पडायला शिकायचं. स्वतः काकाही पडायचे, आणि काकू दारात उभी राहून अठ्ठेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला हसायची.

निघायच्या आदल्या दिवशी काकू माझी पेटी भरत होती. समुद्रावर जायला स्वेटर कशाला, असं मी तिला विचारलं. तिने दुसराही स्वेटर पेटीत ठेवला. मग तिने माझी सगळी पुस्तकं भरली. बाबांच्या नव्या गावात शाळा चांगली होती. मला कुणी सांगितलं नाही, पण मला समजलं.

समुद्रावर काका खाकी हाफपँट घालून, चष्मा पायजम्याच्या नाडीने डोक्याला बांधून कंबरभर पाण्यात उभे राहिले. त्यापुढे एक पाऊल टाकलं नाही. बबलूला पोटावर झोपवून ढकलायचे. तो खारं पाणी पिऊन खिदळत किनाऱ्याला लागायचा. फळीकाका हे नाव त्यानेच ठेवलं. मधूनमधून काका स्वतः उभं राहून बघायचे आणि धाडकन पडायचे. एखादी लाट निसटून मी हिरमुसले की म्हणायचे, "जाऊ दे. पीछे दुसरी येतेच आहे." पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "तू उभी राहिलीस की कोर्स पूरा, मग सुट्टी."

म्हणून मी पडत राहिले. कोर्स पुरा झाला की सुट्टी संपणार आणि काका-काकू मला इथेच ठेवून जाणार, हा माझा हिशोब. चार दिवस मी फळीवर गुडघ्यांवर उठायचे आणि एका बाजूला कलंडायचे. आई रोज वाळूत बसून बघायची. ती माझ्याशी पाहुण्यांच्या मुलीशी बोलावं तशी बोलायची, आणि मीही काही लागलं तर तिच्याऐवजी काकूकडे मागायचे.

पाचव्या दिवशी काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुझा पाय घसरत नाहीये बेटा. तू काढून घेतेस." लाकडी नमुने घडवणाऱ्या पॅटर्न शॉपचा माणूस, केसाएवढा फरक त्यांना दिसायचा. मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. "एकदा उभी राहा. मला बघायचं आहे," एवढंच म्हणाले आणि फळी ढकलली. मी उभी राहिले. किनारा माझ्याकडे धावत आला. मी पडले ती आईच्या अंगावर. नेसत्या साडीनिशी ती गुडघाभर पाण्यात पळत आली होती आणि मला धरून मोठमोठ्याने रडत होती. मी वळून पाहिलं, तर काका होते तिथेच उभे होते, चष्मा पुसत.

दुसऱ्या दिवशी ते दोघं परत निघाले. एसटी स्टँडवर काकांनी माझी वेणी सारखी केली आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "रडायचं नाही. अजिबात नाही." मी हसून हात हलवला. काकू खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली, जरा नवलाने.

पुढच्या सुट्टीत त्यांनी मला भोपाळला बोलावलं नाही. पोस्टकार्डं यायची, त्यात पाऊस, पेरू आणि अभ्यास कर. मला वाटलं विसरले, आणि मग मीही विसरायला शिकले. मोठी झाल्यावर गेले ती लग्नाकार्यापुरती. निवृत्तीनंतर त्यांनी साकेत नगरात छोटं घर घेतलं होतं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा मी तेराव्यापर्यंत तिथे राहिले.

सगळे पांगल्यावर एका दुपारी काकू म्हणाली, "एक विचारू? मनात राहून गेलंय." मग तिने सांगितलं. कोकणातून निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा त्या दोघांना म्हणाले होते, पोरीला तुमचाच लळा आहे. उद्या ती रडली, तर दादा, तू तिला घेऊन जा, मी पुन्हा मागणार नाही. काकूने माझं अर्धं सामान वेगळं काढून हाताशी ठेवलं होतं. स्टँडवर ती देवाचा धावा करत होती, रडू दे हिला म्हणून.

"आणि तू हसलीस," काकू म्हणाली. "तुला खरंच रडू नव्हतं का गं आलं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "काकांनी रडू नको म्हणून सांगितलं होतं."

हे काकूला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तिच्याबरोबर राहूनही काका हे तिला बोलले नव्हते. मी रडले नाही याचा अर्थ तिने आपल्या परीने लावून घेतला होता आणि तो घेऊनच ती जगली होती. मला काकांचा फार राग आला. पाण्यात पळत आलेली आई त्यांनी पाहिली होती, हे मला समजत होतं, तरी आला. मग त्या दुपारी काकूला जवळ घेऊन मी तेव्हाचं सगळं रडले.