पंधरा नंबरचा फोन कुणाच्या रानात बघू?

मंडळी, आज दुपारचं डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लातुरात माझं मोबाईलचं दुकान आहे.

औशाकडचे एक शेतकरी काका आले. लेक इथं क्लासला आहे, तिच्यासाठी फोन हवा होता. मी सवयीनं पंधरा नंबरचं मॉडेल पुढं केलं. शेजारीच चौदा नंबरचं ठेवलेलं होतं.

"दोन्हीत फरक काय हाय?" काकांनी विचारलं.

"पंधरा नवीन आहे, काका."

"ते नंबरावरून कळलं. काम काय जास्तीचं करतंय?"

मी कॅमेऱ्याचं काहीतरी सांगितलं. माझं मलाच पटलं नाही.

"शेठ, सोयाबीनच्या बियाण्यालाबी नंबरच असतेत," काका म्हणाले. "दरसाल नवा नंबर येतो. पन आमी पिशवी बघून पेरत न्हाई. आधी कुणीतरी पेरलेलं असतंय, त्याच्या रानात जाऊन झाडाच्या शेंगा मोजतो, मंगच ठरवतो. हा पंधरा कुणाच्या रानात बघू?"

मी हसलो. त्यांनी काउंटरवरच्या माझ्या फोनकडं बोट दाखवलं. "ह्यो कितवा?"

"अकरा. चार वर्षं झाली, झकास चालतोय."

"मंग अकराच द्या की!"

अकरा कंपनीनं केव्हाच बंद केलाय, हे सांगताना आज पहिल्यांदा लाज वाटली. शेवटी काका चौदा घेऊन गेले.

तेव्हापासून वाटतंय, हा वाढता आकडा नव्या फोनबद्दल फारसं काही सांगतच नाही. तो फक्त आपल्या हातातल्याला जुना ठरवतो.

तुमचा कितवा आहे? आणि मागचा बदललात, तेव्हा तो खरंच बिघडला होता का?