आधी स्वतःचा गळा

कडेगावात स्टँडामागे त्याचं केस कापायचं दुकान होतं. पलटणीतून पेन्शनवर आलेला, रोज कॅन्टीनची रम घेणारा माणूस. त्यातली एखादी बाटली गुपचूप माझ्याही घरी यायची. पण त्याचा तोल गेलेला कुणी पाहिला नव्हता. सकाळी गिऱ्हाइकाला हात लावण्याआधी तो आरशाकडे पाठ करून स्वतःची दाढी करायचा. मला तो पलटणीतला तोरा वाटायचा.

एका बाजारच्या दिवशी, ऐन थंडीत, बाकावर आम्ही सहाजण बसलो होतो. त्याच्या हनुवटीखाली रक्ताची बारीक रेघ उमटली.

"थंडीनं हात थरथरतोय, चालायचंच," मी म्हणालो.

"थंडी कालबी हुती, गुरुजी. रातच्याला रम जास्त झाली." त्यानं तुरटी फिरवली, वस्तरा मिटला. "हात ठिकाणावर हाय का, त्येच तर रोज बघतो मी. आज ह्यो हात कुनाच्या गळ्याला लावायचा न्हाई."

भर बाजारात त्यानं दुकानाला कुलूप घातलं. किल्ली दोनदा चुकली, तेही त्यानं लपवलं नाही. शूर माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो.

तशाच वाढल्या दाढीनं मी शाळेकडे निघालो. वाटेत आसपास कुणी नाही असं बघून मी माझा हात पुढे धरला, आणि झटकन खिशात घातला.