लवू नाईकाची सात पानं

पत्त्यांचा डाव सोडला तर परशुराम घाडीगावकर आयुष्यात खोटं बोलला नाही. पत्त्यांत मात्र तो राजरोस लबाडी करी आणि पकडला गेला की हसे. गावदेव रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. सगळा गाव मागे उभा राहून ज्याच्या शब्दाला ‘व्हय महाराजा’ म्हणतो, त्याने तोंड स्वच्छ ठेवावं, एवढंच त्याला कळत होतं.

त्याचा आजोबा लवू इंग्रजांच्या पलटणीत नाईक होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो बलुचिस्तानात गेला. तिथून परतल्यापासून दरवर्षी पितृपक्षात घरच्या म्हाळाला तो अंगणात सात पानं वेगळी मांडायला लागला. कुणाची, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की उठून जाई. घरच्यांनी आपल्या अकलेप्रमाणे ठरवून टाकलं की पलटणीतले सात सोबती तिकडे पडले असणार. सातांतली दोन पानं लहान असत आणि त्यांवर तिखट वाढायचं नाही, अशी लवूची सक्त ताकीद होती. भरती झालेली कोवळी पोरं असतील, अशी त्याचीही समजूत घालून झाली.

त्या सातांचा दगड गावात उभा राहावा म्हणून परशुरामाने तीन वर्षं ओरोसच्या जिल्हा कचेरीचे खेटे घातले. देवळासमोर जागा मिळाली. ‘बलुचिस्तानच्या लढाईत देह ठेवलेले आपले सात वीर’ अशी अक्षरंही कोरून झाली. फक्त नावं राहिली होती. ती शोधायचं काम त्याने पुण्यात इतिहास शिकणाऱ्या भाचीवर, दीपिकेवर सोपवलं.

दगड उघडायच्या आदल्या दिवशी दीपिका आली. हातात जुन्या इंग्रजी अहवालाची नक्कल होती, पण तोंड उतरलेलं.

“मामा, लवू नाईकाच्या तुकडीतला तिकडे एकही माणूस मेला नाही.”

“मगे सात कोण?”

तिने वाचून दाखवलं. तिकडच्या मर्री लोकांनी इंग्रजांच्या फौजेत माणसं द्यायला नकार दिला आणि ते बंड करून उठले. त्यांना वठणीवर आणायला पलटणी गेल्या, पिकं जाळली, गुरं हाकून नेली. एका वस्तीवर नाईक लवूची तुकडी धान्य पेटवायला गेली होती. वस्तीतले सात ठार, त्यात दोन लहान मुलं. आपलं नुकसान काही नाही.

परशुरामाने अंगणाकडे बघितलं. तिखट का नको होतं, ते आत्ता कळलं. त्यांनी माणसं दिली नाहीत. आम्ही दिली, आणि तीच त्यांच्यावर गेली.

तो तसाच बाबली सरपंचाकडे गेला. बाबलीने सगळं ऐकून घेतलं, मग डोकं खाजवलं.

“परशुरामानू, पावण्यांका आमंत्रणां गेली. मांडव घातलो. शंभर वर्सांपूर्वीची मढी उकरून तुमका काय मेळतला? तुमच्याच आजोबाचा नाव जातला.”

शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. परशुराम परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव जमला. दीपिका मुद्दाम पुढे उभी राहिली होती. परशुरामाने नारळ हातात घेतला. खरं सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, देवाची शपथ. पण समोर आजोबाच्या फोटोला हार घातलेला दिसला आणि धीर सुटला.

“बा देवा रवळनाथा, ह्या आमच्या सात झिलांनी रणात जीव दिलो, महाराजा...”

“व्हय महाराजा!” तीनशे माणसं गरजली. दीपिका तेव्हाच्या तेव्हा निघून जवळच्या नांदगाव स्टेशनाला गेली.

दुपारी यशोदेने ताट वाढलं. नवरा हात लावीना.

“अवो, जेवा. झाला ता झाला. आजोबाचा पाप तुमच्या माथ्यार कित्याक?”

“आजोबाचा न्हय गो,” परशुराम म्हणाला. “आजोबान त्यांचो जीव घेतलो, पण ते कोणाचे ता तो इसारलो नाय. आज मी त्यांका आमचे करून टाकलंय. आता त्यांका मारल्यान कोणी, ह्या इचारूकसुद्धा कोण रवलो नाय.”