गोणीतला दात

शेणखतात मिसळायचं रॉक फॉस्फेट, म्हणजे खडक दळून केलेलं खत, ओलीनं गोळे-गोळे झालं होतं, म्हणून आई ते पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळत होती. चाळणीत तुरीच्या डाळीएवढं काहीतरी उरलं. तपकिरी, टोकदार, चकचकीत.

"कुत्र्याचा दात दिसतो. खतात टाकायला यांना दुसरं काय नाय मिळालं व्हय?" असं म्हणत तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. मी तेव्हा संभाजीनगरला भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

सोमवारी घरून, सिल्लोडहून परतताना दात कॉलेजच्या भूशास्त्र विभागात आणला. आम्हाला जीवाश्म शिकवणाऱ्या सरांनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला. "शार्कचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा." मी लगेच नमुन्यासोबत ठेवायची चिठ्ठी लिहिली, ठिकाण सिल्लोड. सरांनी ते खोडलं.

"सिल्लोडचा काळा खडक लाव्ह्याचा, त्यात शार्क कुठून येणार? मूळ ठिकाण कळलं तरच हा संग्रहाच्या कपाटात जाईल. नाहीतर शोभेच्या खोक्यात."

आईनं वेचलेली वस्तू खोक्यात पडू द्यायची नाही, हे मी जिना उतरतानाच ठरवलं.

गोणीवर फक्त ती जिथं भरली त्या गावाचं नाव छापलेलं. आमच्या गावच्या खताच्या दुकानदारानं संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या ठोक विक्रेत्याकडं पाठवलं. तिथले काका म्हणाले, "दातासाठी आलात तर ताई, दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे." मी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा मागवला आणि मालाची चलनं काढली. त्या हंगामात माल दोनच ठिकाणचा होता: राजस्थानचा आणि बंदरावरून आलेला मोरोक्कोचा.

"राजस्थानचा तो खडक मासे जन्मायच्या आधीचा," सर म्हणाले. "मोरोक्कोत मात्र फॉस्फेट खणताना असे दात नेहमी निघतात."

खाण कोणती, ते काकांनाही ठाऊक नव्हतं. पुस्तकातलं एखादं नाव लिहून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण चिठ्ठीवर मी लिहिलं, "शार्कचा दात. मोरोक्को, खाण माहीत नाही. सिल्लोड तालुक्यात खताच्या गोणीत मिळाला." खाली शोधणाऱ्याच्या जागी आईचं पूर्ण नाव. सरांनी वाचलं आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हंजी कुत्र्याचा नव्हता." मग उरलेली अर्धी गोणी तिनं ओढत अंगणात आणली आणि शेजारणीकडून आणखी बारीक चाळणी मागून घेतली.